मुकादमाचा डावा पाय

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी वहिनीला विचारशील, "कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही. म्हणजे एक जण गेलाय, पण त्याला वीस-बावीस कोटी वर्षं झाली, तेव्हा सुतक नको.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो आणि तू "ठेवतो" म्हणून ठेवतोस. कागदावर निदान माझं वाक्य तरी पुरं होतं.

तर हा जो गेलाय, त्याला आम्ही मुकादम म्हणतो. त्याची कवटी माझ्या खोलीत दारासमोरच्या फळीवर आहे, आणि उशिरा येणाऱ्याकडे ती अशी बघते की पगार कापणार. मगरीच्या दूरच्या भाऊबंदांतला हा शिकारी. पण मगरीसारखा पाय बाजूला फाकून सरपटणारा नव्हे. याचे पाय टेबलाच्या पायांसारखे सरळ पोटाखाली. तू विचारशील, तुला गं काय माहीत? त्याच्या खुब्याच्या खोबणीवर खिडकीवर छज्जा असतो तशी हाडाची कड आलीय. मांडीच्या हाडाचं डोकं त्या छज्ज्याखाली जाऊन बसतं आणि सगळं वजन सरळ खाली उतरतं. शिवाय स्नायू जिथं चिकटतात तिथं हाड खरबरीत होतं. त्या जागा शोधायच्या, कुठली दोरी कुठून कुठं ओढत होती ते मांडायचं, की पाय किती पुढं जायचा नि किती मागं, हे कळत जातं. चाल कुणी बघितलेली नसते. ती हाडांकडून काढून घ्यावी लागते.

आता खरी गोष्ट. मुकादमाचं डावं मांडीचं हाड मधोमध मोडलेलं आहे. आणि जुळलेलं आहे. वाकडं जुळलंय, उजव्यापेक्षा चार बोटं आखूड, मधे गाठ आलीय मुठीएवढी. पण त्या गाठीवर नंतरच्या वाढीचे थर आहेत. म्हणजे मोडल्यावर तो वर्षानुवर्षं जगला. चालला, शिकार केली, खाल्लं.

आमच्या संग्रहालयाच्या संचालकसाहेबांना तो नव्या दालनाच्या मधोमध उभा करायचा आहे. मागे भिंतभर पडदा, त्यावर तो चालताना दिसणार. फक्त डावा पाय त्यांना नको. म्हणतात, "लोकांना प्राणी दाखवायचा आहे, अपघात नाही." उजवा पाय संगणकावर उलटा करायचा, प्रिंटरवर काढायचा आणि डाव्या बाजूला लावायचा. झाला मुकादम सरळ.

मी नाही म्हटलंय. नुसतं नाही म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. विद्यापीठात चालीची प्रयोगशाळा आहे, जमिनीत वजन टिपणाऱ्या पट्ट्या बसवल्यात. तू दोन दिवस येशील का? तुझी चाल मोजता आली तर मला फार उपयोग होईल. एक पाय आखूड असलेलं शरीर वजन कसं वाटून घेतं, हे माझ्या ओळखीत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

येण्याजाण्याचं मी बघते. वहिनीलाही आण.

ठकू

१५ फेब्रुवारी

ठकू,

पत्र वहिनीनं वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता. ती वाचता वाचता एके ठिकाणी अडखळली. मी म्हटलं वाच. मग तिनं "तुझी चाल" वाचलं आणि उठून भांडी आवरायला गेली. चष्मा मग लगेच सापडला.

मी येणार नाही.

वर्षभर तुझं पत्र नाही. आलं ते एका सरड्याच्या पायासाठी. तेही चालेल, तुझं काम तसलंच आहे. पण मला चालवून बघणारे आजवर काय थोडे झाले? ताप उतरून पाय बारीक राहिला तेव्हापासून चालवताहेत. डॉक्टर चालवायचे, ड्रिलचे मास्तर चालवायचे, आई भिंतीला धरून चालवायची. बस कंपनीच्या भरतीत तिघा साहेबांनी मला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि एकमेकांच्या कानात बोलले. तेव्हा मी म्हटलं, "साहेब, नोकरी हॉलमध्ये नाही, बसमध्ये आहे. बसमध्ये बघा." त्यांनी खरंच बस काढायला लावली. वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तिघे एकमेकांच्या मांडीवर आणि मी दांडी न धरता उभा. तिकीट तपासनीस म्हणून अख्खी नोकरी मी चालत्या बसमध्ये उभ्यानं काढली. ती नोकरी मला चाल मोजून मिळाली नाही.

तेव्हा पट्ट्यांवरून मी चालणार नाही. मी तुझा भाऊ आहे, नमुना नाही.

इथं वेगळंच सुरू आहे. चिरंजीवांनी हाडांच्या डॉक्टरांना गाठलंय. डावा खुबा बदलायचा, पाय लांब करायचा, म्हणजे म्हणे मी "नॉर्मल" चालेन. बारा मेची तारीखसुद्धा घेऊन आला. मला नंतर सांगितलं, जसं काही घराला रंग लावायचाय. सूनबाई म्हणते, तिसरा मजला तुम्हाला झेपत नाही. कुणी सांगितलं तिला? मी चढतो, मी उतरतो, मधे कुणाला हाक मारत नाही.

तुझा राग आला तरी हे तुलाच लिहितोय, कारण या बाबतीत तू माझ्या बाजूची असणार. तुझ्या त्या सरड्याचा पाय बदलू देत नाहीस, मग माझा कशाला देशील.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

चुकलं. नमुना हा शब्द वाचून कानाखाली बसल्यासारखं झालं. प्रयोगशाळेचं मी पुन्हा काढणार नाही.

ऑपरेशनबद्दल मी एवढंच म्हणेन की घाई करू नकोस, आणि घाईनं नकारही देऊ नकोस. हल्ली या गोष्टी पुष्कळ पुढे गेल्यात. पोरगा काळजीपोटी करतोय.

इथली खबर. गेल्या आठवड्यात मुकादमाच्या दोन्ही मांड्यांचे आडवे छेद बघितले. कापून नाही, रुग्णालयातल्या यंत्रातून, जसं माणसाचं बघतात तसं. हाड म्हणजे नळी असते, मधे पोकळ. डाव्या हाडाची भिंत पातळ निघाली. आणि उजव्याची? जाड. नुसती जाड नाही, बाहेरच्या अंगाला दामदुप्पट. गुडघ्याकडचा भागही एका बाजूनं घासलेला. डावा अधू झाल्यावर सगळा भार उजव्यानं उचलला आणि उचलता उचलता तोही बदलला.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ज्या उजव्या पायाला तुम्ही आरसा धरताय, तो उजवा पाय असा का आहे? तर डावा तसा होता म्हणून. दोन्हीकडे उजवे लावाल तर जो प्राणी होईल तो कधी जन्मालाच आला नाही." ते खिडकीतून बघत बसले. वाईट नाहीत रे ते. म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण लोक आत येतील, वाकडा सांगाडा बघतील आणि म्हणतील बांधणाऱ्यांना बांधता आला नाही. हसतील." हसण्याची एवढी भीती असलेला माणूस मी पाहिला नाही.

एक मागू? तुझे टाकून द्यायचे जोडे असतील तर पाठव. चालायला नको, यायला नको. आखूड पायाचा तळ कुठं झिजतो एवढंच बघायचंय. मुकादमाच्या पावलाची हाडं मांडताना मदत होईल. नसेल पाठवायचे तर नको.

ठकू

९ मार्च

ठकू,

पार्सलात तीन जोड आहेत. दोन माळ्यावर होते, तिसरा परवापर्यंत वापरत होतो, आता नवा घेतला. वहिनीनं ते पुसून पॉलिश करायला घेतले होते, मी हातातून काढून घेतले. झीज बघायची म्हणालीस ना.

जोडे आधी बांधून ठेवले होते म्हणून पाठवले. नाहीतर पाठवले नसते.

काल जेवताना चिरंजीवांशी वाजलं. मी म्हटलं, तुझ्या आत्याला विचार, ती शिकलेली आहे, हाडांतलं तिला कळतं. तो घास हातात धरून म्हणाला, "आत्यालाच विचारलं होतं, बाबा. तीच म्हणाली करून टाका. बाबा ऐकणार नाहीत, तारीख घेऊनच सांगा, असंही तीच म्हणाली."

कधी? तर जानेवारीत. म्हणजे मला "तुझी चाल मोजायचीय" लिहिलंस त्याच्याही आधी. म्हणजे मी तुला लिहीत होतो की तू माझ्या बाजूची, आणि तू वाचत होतीस. आणि त्यावर काय लिहिलंस? घाई करू नकोस आणि नकारही देऊ नकोस. हे वाक्य तू साहेबांकडून शिकलीस का?

कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचा वाकडा पाय तसाच राहावा म्हणून तू वरिष्ठांशी भांडतेस. सरळ केला तर खोटं होईल म्हणतेस. आणि सख्ख्या भावाला त्याच्या माघारी सरळ करायला निघालीस. त्याला विचारायची सोय नव्हती. मला तर विचारता आलं असतं! मी मेलेलो नाही, ठकू. फोन आहे माझ्याकडे.

तुझी हाडं तुला लखलाभ. उत्तर पाठवू नकोस.

दादा

११ एप्रिल

दादा,

पाठवू नकोस म्हणालास, पाठवतेय. महिनाभर गप्प बसले, याहून जास्त मला जमत नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पोराचा फोन आला तेव्हा तो रडत होता. तू जिन्यात पडलास असं त्याला खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं होतं. तू त्याला म्हणालास, दार लागलं. मी घाबरले आणि घाबरल्यावर माणूस जे करतो ते केलं, परस्पर ठरवून टाकलं. मुकादमाच्या बाबतीत मला शास्त्र सुचतं, तुझ्या बाबतीत फक्त भीती. याच्यापुढे मी सफाई देणार नाही.

पण आता मी तुझ्यावर चिडणार आहे. तयार राहा.

जोडे बघितले. माळ्यावरचे दोन्ही जोड एकमेकांसारखे. डावा चवड्यावर झिजलेला, टाच जवळजवळ कोरी, कारण तू डावी टाच टेकतच नाहीस. उजव्याची टाच मागून सारखी झिजलेली, सरळ, ठामपणे टेकलेली. ही तुझी चाल. ही मी लहानपणापासून जिन्यावर ऐकत आलेय.

तिसऱ्या जोडात ती नाही. उजव्या जोड्याची टाच आतल्या बाजूनं शिवणीपर्यंत गेलीय. पुढच्या टोकावर ओरखडे आहेत, म्हणजे तू उजवा पाय पुरता उचलत नाहीस, ओढतोस. आणि डाव्या चवड्याचा तळ असा पातळ झालाय की आरपार बोट लागेल. ज्या पायाला सगळे अधू म्हणतात त्याच्यावर तू हल्ली जास्त भार टाकतोयस. का? तर दुसरा सोसवत नाही म्हणून.

दादा, तुझा डावा खुबा दुखतच नाही. तुझा उजवा गुडघा दुखतोय. वर्षभर तरी. आणि तू कुणालाही सांगितलेलं नाहीस, डॉक्टरांनाही नाही. त्यांना डावा वाकडा दिसला, त्यांनी तो धरला. तूही बोलला नाहीस, कारण चांगला पाय दुखतो म्हटलं की तुझ्याकडे उरतं काय, असं तुला वाटलं असणार. यातलं एक अक्षर जरी खोटं असेल तर जोडे परत पाठवते, माझ्या थोबाडावर मार.

नको करूस ऑपरेशन. मी पोराला कळवलंय की मी जे बोलले ते मागे घेते, आणि जे काही असेल ते बाबाला विचार. पण गुडघा लपवू नकोस.

इथं लढाई हातघाईवर आलीय. उलटा केलेला पाय छापून आला. सगळे जमले, साहेबही. सांगाडा जोडणाऱ्या आमच्या साचेवाल्यानं तो डाव्या खोबणीत बसवायला घेतला. बसेना. फिरवून बघितला, तिरका करून बघितला. बसणार कसा? इतक्या वर्षांच्या लंगडण्यानं खोबणच बदललीय, छज्जा खाली वाकलाय, आतून उथळ झालीय. ती फक्त त्या वाकड्या हाडाची खोबण आहे. मला वाटलं, झालं, आता तरी पटेल. साहेब दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि साचेवाल्याला म्हणाले, "कानशीनं थोडी मोकळी करून घ्या."

खोबण खरी आहे, दादा. प्लास्टिक नाही, साचा नाही. तो स्वतः आहे.

मी मधे उभी राहिले. म्हटलं, "आधी मला बाजूला करावं लागेल." साहेब लाल झाले, पण त्या दिवशी काम थांबलं. आता मी विश्वस्तांकडे चाललेय, राजधानीत. सोमवारी बैठक आहे. मी नसताना इथं काय होईल याची धाकधूक आहे. साचेवाला भला माणूस आहे, पण नोकरी त्यालाही आहे.

तुझ्याकडून काही मागत नाही. हे फक्त सांगावंसं वाटलं.

ठकू

१७ एप्रिल

ठकू,

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. विश्वस्तांच्या अतिथिगृहाचा पत्ता साचेवाल्यानं दिला. बैठक दोनदा पुढे ढकलली असं तोच म्हणाला. ढकलू दे. इथली काळजी करू नकोस, मी आहे.

तुझ्या घराची किल्ली शेजारणीकडून घेतली. वहिनी आली आहे सोबत. तुझं स्वयंपाकघर बघून तिनं कपाळाला हात लावला, आता ते तुझं राहिलेलं नाही.

सांगतो कसं झालं. पहिल्या दिवशी मी सरळ तिकीट काढलं. सांगाडा बांधताना लोकांना दोरीपलीकडून बघू देतात, ते तू कधी सांगितलं नाहीस. दोरीजवळ खुर्ची मागितली, म्हाताऱ्या माणसाला देतात. बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट, पुन्हा खुर्ची. दुपारी तुझे साहेब आले, मागे साचेवाला, त्याच्या हातात कानस.

साहेब म्हणाले, "आजोबा, दालन आता बंद करतोय."

मी तिकीट काढून दाखवलं. "यावर संध्याकाळपर्यंत लिहिलंय."

"हो, पण आम्हाला काम करायचंय."

"करा की. काम बघायलाच लोकांना पैसे घेऊन बसवलंय ना तुम्ही? दालन बंद ठेवायचं असेल तर सकाळी खिडकीवर फलक लागतो. आज लागलेला नाही. तिकीट दिल्यावर प्रवाशाला मधेच उतरवता येत नाही."

"प्रवासी?" साहेब म्हणाले.

"प्रेक्षक. तेच ते." मग मी जरा आवाज चढवला. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय आहे. "ती कानस कशाला हो?"

"सांध्याची जराशी सफाई."

"म्हणजे खरं हाड घासणार?"

एवढ्यानं काम झालं. दोरीला टेकून उभी असलेली एक बाई म्हणाली, "खरं हाड? ते का घासायचं?" तिच्या नवऱ्यानं तेच विचारलं. मागून आणखी दोघं पुढे आली. साचेवाला छताकडे बघत होता, जणू तिथून पाणी गळतंय. साहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आपण बाईंचे कोण?" मी म्हटलं, "थोरला भाऊ." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि साचेवाल्याला म्हणाले, "राहू द्या सध्या." मग त्यांची मला थोडी दया आली, पण खुर्ची सोडण्याइतकी नाही.

आता दुसरं. जेवणाच्या सुट्टीत साचेवाल्यानं मला मागच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर तुझा मुकादम दाखवला. आधी साहेबांचा. दोन्ही पाय सारखे, एकदम संचलनातला शिपाई. बरा होता, लक्षात राहिला नाही.

मग तुझा लावला. डावा पाय येतो तेव्हा सगळा मुकादम डावीकडे खचतो. आता पडला, असं वाटतं. आणि नेमकं तेव्हाच शेपूट उजवीकडे फेकतो आणि सावरतो. उजवा पंजा जरा लवकर येतो, जरा बाहेर पडतो, रुंद. खचतो, फेकतो, सावरतो, पुढं जातो. कुठं थांबत नाही. मी बसमध्ये उजवा हात तसाच टाकायचो बघ. मला आजवर वाटायचं ती लकब आहे.

रडलो वगैरे नाही. साचेवाल्याला पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. त्याचा चहा गार झाला. शेवटी तो म्हणाला, "दादा, किती वेळा बघणार?" मी म्हटलं, "कुणी कधी बघितलेलं नाही म्हणता ना? मग बघू द्या की."

एक सांगून ठेवतो. तो माझ्यासारखा चालत नाही. उगाच तसलं काही लिहू नकोस कुठं. त्याला चार पाय आहेत आणि शेपूट आहे, मला जिना आहे. तो त्याच्यासारखा चालतो.

गुडघा दुखतो. उजवा. दुसऱ्या वळणावर पडलो ते खरं. एकदा तिथंच पायरीवर बराच वेळ बसून राहिलो आणि वहिनीला सांगितलं पेपर वाचत होतो. ती म्हणाली, पेपर तर घरात आहे. तिनं पुढं विचारलं नाही आणि मी पुढं बोललो नाही. जोडे मात्र बोलले. तुझ्या या विद्येचा मला राग येतो.

तू तिथं नीट भांड. खालच्या आवाजात बोलू नकोस.

दादा

२ मे

दादा,

खालच्या आवाजात बोलले नाही.

विश्वस्त पाच जण, लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास. साहेबही आले होते. त्यांनी आपली बाजू चांगली मांडली, खोटं काही बोलले नाहीत. लोकांना भव्य काहीतरी बघायचं असतं, शाळांच्या सहली येतात, पहिला ठसा महत्त्वाचा. मी छेद दाखवले, खोबणीचे फोटो दाखवले. अर्ध्यांना कळलं, अर्धे पाणी प्यायले. मग टोकाला बसलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "खोबण घासली आणि उद्या वाटलं की चुकलं, तर पुन्हा पहिल्यासारखी करता येईल?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग कसली चर्चा करतोय आपण?" आणि कागद मिटले.

मुकादम त्याच्या स्वतःच्या पायावर उभा राहणार. पडद्यावरही त्याचीच चाल.

मी मात्र दालनात नसणार. निर्णय झाल्यावर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, मांडणीचं उरलेलं काम दुसऱ्याकडे देतोय, तुम्ही तळघरातल्या जुन्या पेट्यांची नोंद करा. "संस्थेत असं चालत नाही, बाई, की दर वेळी मधे उभं राहायचं." मी म्हटलं, "दर वेळी नाही, साहेब. कुणी कानस काढली की." फलकावर माझं नाव नाही. रात्री घरी येऊन थोडं रडले, लपवत नाही. लपवलं तर तुझ्यासारखे माझेही जोडे कुणीतरी वाचायचं.

तळघरात मोठा दिवा मागितलाय. पेट्या इतक्या आहेत की काही माझ्या जन्माआधीपासून उघडलेल्याच नाहीत. साहेबांना वाटतं त्यांनी मला शिक्षा केली.

वहिनीला सांग, मिठाचा डबा सापडला. तव्याचा अजून पत्ता नाही.

ठकू

२७ जून

ठकू,

बारा मेला मी डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशनला नाही, रद्द केलंय ते तोंडावर सांगायला. डॉक्टर म्हणाले, "मग आलात कशाला?" म्हटलं, उजवा गुडघा दाखवायला. त्यांनी दाबून बघितला, फोटो काढला, बराच वेळ प्रकाशासमोर धरला. "हे आधी का नाही बोललात?" मी म्हटलं, "आधी तुम्ही माझ्याशी कुठं बोलत होतात? मुलाशी बोलत होतात." हसले बिचारे. गुडघ्याला पट्टा दिलाय, व्यायाम दिलाय, डाव्या जोड्याला थोडी जाड टाच लावून घ्यायला सांगितलीय, म्हणजे उजव्याचा भार हलका होईल. आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल म्हणाले. लागला तर लागला. तारीख मी घेईन.

चिरंजीव पंधरा दिवस फुरंगटून होते. परवा मंडईतून एकत्र आलो. नेहमी हा दोन-दोन पायऱ्या चढून वर जातो आणि कठड्यावरून वाकून "बाबा, येताय ना?" ओरडतो. परवा पिशव्या घेऊन माझ्या मागं मागं चढला. दुसऱ्या वळणावर मी थांबलो तर तोही थांबला, म्हणाला, "इथं वारा चांगला येतो." मी म्हटलं, येतो खरा.

आणि काल मी तुमच्याकडे येऊन गेलो. तुला कळवलं नाही, तुला भेटायला आलो नव्हतो. मुकादमाला आलो होतो. दालन छान झालंय. तू वाचवलेला डावा पाय तसाच आहे, गाठीवर वेगळा दिवा सोडलाय, साचेवाल्याचं काम असणार ते.

शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाई पडद्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "बघा मुलांनो, याचा पाय मोडला होता. बिचारा कसा लंगडतोय बघा." पोरं लगेच "बिचाराऽ" म्हणाली, सगळी एका सुरात.

मी नुसतं ऐकून निघून येणार होतो. जमलं नाही. म्हटलं, "बाई, बिचारा कशाला म्हणता? पाय मोडल्यावर हा पडून राहिला नाही. कुणी आणून भरवलं नाही याला. या पायानं धावत्या जनावरांना गाठून खाल्लंय यानं, वर्षानुवर्षं. बिचारी ती जनावरं म्हणा." पोरं खिदळली. एका मुलीनं विचारलं, "पण मग तो पडायचा नाही?" मी म्हटलं, "शेपटीकडे बघ." सगळी शेपटीकडे बघायला लागली. मग एकीनं डावा पाय खचवून हात उजवीकडे फेकून चालून बघितलं. मग दुसऱ्यानं. बघता बघता अर्धा वर्ग दालनभर तसा चालायला लागला, बाईंना आवरेना. ठकू, आपल्या गल्लीतली पोरं माझ्यामागून अशीच चालायची, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. काल कुणी हसत नव्हतं. तोल कुठं जातो आणि कुठं सापडतो ते शोधत होती. सापडला की ओरडत होती.

बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "तुम्ही इथं काम करता का?"

"नाही," म्हटलं.

मग निघालो. दार दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, मधे सगळी मोकळी फरशी. एरवी अशा ठिकाणी मी भिंतीकडेनं जातो, नाहीतर सगळे पांगेपर्यंत थांबतो. काल मधूनच गेलो. पट्टा लावलेला, नवी टाच टकटक वाजत होती. पोरं थांबून बघायला लागली. मी वेग वाढवला नाही. म्हटलं, बघा, चांगलं डोळे भरून बघा, इथं हाडांवरून अंदाज काढायची गरज नाही.

दादा